युनिव्हर्सिटीकडून ग्रीन प्रोजेक्टला फंड मिळवायचाय? आधी मेंटेनन्सच्या ऑफिसात जा

आमच्या युनिव्हर्सिटीत लायब्ररीच्या तळमजल्यावर पिण्याच्या पाण्याने आपापल्या बाटल्या भरायचं एक मशीन होतं. प्लॅस्टिकच्या बाटल्या कमी व्हाव्यात म्हणून आमच्या आधीच्या बॅचने फंड मिळवून बसवलेलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले, वरच्या छोट्या स्क्रीनवर आत्तापर्यंत इतक्या बाटल्या वाचल्या असा आकडा पळायचा. मी फर्स्ट इयरला आले तेव्हा त्यावर फिल्टरचा लाल दिवा लागलेला होता, सेकंड इयरला त्या दिव्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारली आणि थर्ड इयरला सरळ "बंद आहे" असा कागद. कारण काय, तर फिल्टरचं कार्ट्रिज बदलायचे पैसे कुणाच्याच बजेटमध्ये नव्हते. फंडाने मशीनचे दिले, कार्ट्रिजचे कुणी मागितलेच नव्हते, लायब्ररी म्हणे आम्ही कुठे मागवलं होतं मशीन, मेंटेनन्स म्हणे आमच्या लिस्टवर नाही, आणि ज्यांनी बसवलं ते केव्हाच पास होऊन गेले.

पुढे मी त्याच फंडाच्या कमिटीवर दोन वर्षं बसले, म्हणजे अर्ज वाचायच्या बाजूला, आणि तिथे कळलं की स्टुडंट्सच्या क्लायमेट प्रोजेक्टला पैसे नसतात हे अर्धंच खरं आहे. फंड असेल तर कित्येकदा वर्षाअखेर त्यात पैसे उरतात. नसतो तो तुम्ही गेल्यावर ती वस्तू सांभाळणारा माणूस. कमिटी अर्ज वाचताना आयडिया कमी आणि हा माणूस जास्त शोधत असते, म्हणून मीही फॉर्म कसा भरायचा हे जरा उशिराच सांगणार आहे.

पैसे कुठे असतात

एकाच ठिकाणी नसतात, आणि प्रत्येक खिशाचा स्वभाव वेगळा. सगळ्यात सोपा म्हणजे ग्रीन फी वाला फंड, स्टुडंट्सच फीबरोबर थोडी रक्कम भरतात आणि ती प्रोजेक्ट्सना वाटतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सांता बार्बरा कॅम्पसवर २००६ मध्ये स्टुडंट्सनी मतदान करून दर क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, २ डॉलर ६० सेंट द्यायचं ठरवलं, पुढच्याच वर्षी बर्कलीत सेमिस्टरला ५ डॉलर. एका माणसामागे ही रक्कम म्हणजे काहीच नाही पण हजारोंनी गुणा म्हणजे कळेल. कॅनडात मॅकगिलमध्ये तर स्टुडंट्स जेवढे घालतात तेवढेच युनिव्हर्सिटी वरून घालते. अशा फंडाच्या कमिटीवर स्टुडंट्स बरेच असतात, त्यामुळे "यातून स्टुडंट्सना काय मिळणार" हा प्रश्न तिथे सगळ्यात वजनदार.

दुसरा रिव्हॉल्विंग फंड. हे खरं तर बिनव्याजी किंवा कमी व्याजाचं कर्ज, वीज किंवा पाणी वाचवणारी गोष्ट बसवायची आणि बिलात जे वाचलं त्यातून फंडाचे पैसे परत करायचे, मग तेच पैसे पुढच्या प्रोजेक्टला. हार्वर्डने असा १.२ कोटी डॉलरचा फंड उभा केला होता, आणि २०११ मध्ये अमेरिकेत कॉलेजांनी असे फंड काढावेत म्हणून बिलियन डॉलर ग्रीन चॅलेंज नावाची मोहीमच निघाली होती. इथे भावना वगैरे चालत नाही, पैसे किती वर्षांत परत येणार एवढंच विचारतात. जनजागृतीचा प्रोजेक्ट घेऊन इथे जाऊ नका, वेळ फुकट जाईल.

मग सस्टेनेबिलिटी ऑफिसच्या छोट्या ग्रँट्स, स्टुडंट युनियन किंवा कौन्सिलचा फंड, डिपार्टमेंट हेडच्या हातात असलेली थोडीफार रक्कम, माजी विद्यार्थ्यांकडून गोळा करायचे पैसे, हे सगळं आहेच. कधीकधी बाहेरून मोठी रक्कम येते, ब्रिटनमध्ये २०१३ ला नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्सने सरकारी पैशातून ५० लाख पौंडांचा स्टुडंट्स ग्रीन फंड काढून २५ स्टुडंट युनियन्सना वाटला होता, पण असल्या योजना येतात आणि संपतात, त्यांच्या भरवशावर बसू नये.

कुठलाही फंड सापडला की पहिलं पान सोडा, "कशाला पैसे देत नाही" हा भाग आधी वाचा. कुणी पगार देत नाही, कुणी प्रवास, कुणी खाण्यापिण्याचा खर्च, कुणी कॅम्पसबाहेरचं काहीच देत नाही. कमिटीवर असताना एकेका राउंडला दोन तरी चांगले अर्ज मी फक्त या एका कारणाने बाजूला पडताना पाहिलेत, आणि तो नियम फॉर्मच्या शेजारीच लिहिलेला असायचा.

फंडच नसेल तर

मग तुमचा पहिला प्रोजेक्ट म्हणजे फंड काढणं. यात दोन वाटा आहेत. मतदान घेऊन ग्रीन फी लावायची तर एक वर्ष धरून चाला, आधी सह्या, मग युनियनची मंजुरी, मग मतदान, मग युनिव्हर्सिटीच्या वरच्या मंडळाची मान्यता. लोक फीला नाही म्हणतात ते रकमेमुळे कमी आणि "एकदा लागली की कायमची" या भीतीने जास्त, म्हणून ठरावातच लिहा की तीन किंवा चार वर्षांनी परत मतदान होईल, आणि ज्याला परवडत नाही त्याला मागताच फी परत मिळेल. कमिटीवर स्टुडंट्स किती आणि स्टाफ किती हेही तेव्हाच लिहून घ्या, नंतर कुणी बदलू देत नाही.

दुसरी वाट छोटी आहे आणि मला जास्त आवडते. एखाद्या डिपार्टमेंटला पटवून एकच वीज वाचवणारं काम करून घ्यायचं आणि आधीच लेखी ठरवायचं की पहिल्या तीन वर्षांची बचत एका वेगळ्या खात्यात जाईल. झाला तुमचा रिव्हॉल्विंग फंड, एका कॉरिडॉरचा का असेना. फक्त बिल कोण भरतं ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी वीजबिल डिपार्टमेंट भरतच नाही, सेंट्रल ऑफिस भरतं, मग डिपार्टमेंटला बचतीशी देणंघेणं नसतं आणि तुम्ही चुकीच्या दारात उभे असता.

आयडिया निवडताना

सोलर पॅनेल, झाडं लावणं आणि अॅप. दहातले सहा अर्ज या तिघांतले असतात. वाईट नाहीत, पण सोलरला छताची ताकद, इलेक्ट्रिकल मंजुरी, इन्शुरन्स असं सगळं लागतं आणि ते स्टुडंट ग्रँटच्या आवाक्यातलं काम क्वचितच असतं, झाडांना पहिली दोन-तीन वर्षं सुट्टीतसुद्धा पाणी घालणारा माणूस लागतो, आणि अॅप... अॅप सहा महिन्यांनी कोण अपडेट करणार या प्रश्नाला आजवर एकानेही मला सरळ उत्तर दिलेलं नाही.

त्यापेक्षा रात्री अकरा वाजता कॅम्पसवर एक चक्कर मारा. कुठे दिवे जळतायत, कुठल्या रिकाम्या हॉलमध्ये एसी किंवा हीटर चालू आहे, कुठली मशीनं गुणगुणतायत ते बघा. सायन्सची बिल्डिंग असेल तर लॅबमध्ये डोकवा, कारण लॅब्स वीज खातात त्यामानाने तिकडे कुणाचं लक्ष नसतं. सॅम्पल ठेवायचे अल्ट्रा लो फ्रीझर उणे ८० डिग्रीवर चालवतात, जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या आसपास सहज खातो, आणि तोच उणे ७० वर ठेवला तर साधारण ३० टक्के वीज वाचते. बटण दाबायचं काम आहे! अर्थात प्रोफेसरला ते पटवणं हेच खरं काम, त्यांचे दहा वर्षांचे सॅम्पल आत असतात, तुमच्या टक्केवारीसाठी ते रिस्क का घेतील. म्हणून तिथे फंड मागायचा तो फ्रीझर साफ करून यादी बनवायला, टेम्परेचर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) घ्यायला आणि दाराचे खराब गॅस्केट, म्हणजे रबरी सील, बदलायला.

लॅबमधलीच अजून एक गंमत सांगते. फ्यूम हूड, म्हणजे प्रयोगातल्या घातक वाफा बाहेर ओढणारं सरकत्या काचेचं कपाट, त्याची काच खाली ओढून ठेवा अशी मोहीम बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत चालते आणि ती चांगली आहे, कारण हूड खोलीतली गार किंवा गरम केलेली हवा सतत बाहेर फेकतो. पण हे वाचवणं होतं ते काच खाली आल्यावर हवेचा प्रवाह कमी करणाऱ्या हूडमध्ये. जुन्या पद्धतीचे हूड काच वर असो की खाली, तेवढीच हवा ओढत राहतात, तिथे स्टिकर चिकटवून सेफ्टी वाढेल पण वीज वाचणार नाही. आमच्याकडे एका ग्रुपने सगळ्या बिल्डिंगला स्टिकर छापायचे पैसे मागितले होते, कुठल्या मजल्यावर कुठले हूड आहेत ते विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे त्यांना कोण सांगू शकलं असतं? मेंटेनन्स.

तर आता मेंटेनन्स

माझा स्वतःचा पहिला अर्ज कॉरिडॉरच्या दिव्यांचा होता. १०० जुन्या ट्यूब, त्या काढून एलईडी लावायच्या आणि मोशन सेन्सर बसवायचे, जेणेकरून कुणी नसताना दिवे बंद. मी कोटेशन घेऊन मेंटेनन्सच्या सुपरवायझरकडे गेले, सगळे त्यांना काका म्हणायचे, आणि म्हटलं काका, फंड आम्ही मिळवतो, तुमची फक्त एक सही हवीये.

त्यांनी कागद वाचला, सही काही केली नाही, बाहेर जाऊन शिडी आणायला सांगितली. एक फिटिंग खाली उतरवून माझ्या हातात दिली, आत धुळीचा थर आणि एक जड काळा ठोकळा.

"हा चोक. तू नुसत्या ट्यूबा लिहिल्यायस. हा बायपास करायला वायरमन लागतो, शंभर फिटिंगला शंभर वेळा. आणि दिवसा लाईन बंद करू देत नाहीत, म्हणजे रात्रपाळी. ती कोण देणार?"

मी म्हटलं फंडातून देऊ. "मग लिही ना अगं ते." मग वर बोट दाखवून म्हणाले, "आणि हे जिन्याजवळचे आणि दारावरचे वीस दिवे इमर्जन्सी लाईनवर आहेत. ते सेन्सरवर टाकता येणार नाहीत, फायरवाले पहिल्याच तपासणीत अडवतील."

वीस मिनिटांत माझा अर्ज फाटला आणि त्याच वीस मिनिटांत तो खरा झाला. पुढच्या आठवड्यात त्यांनीच जुन्या कामाचे रेट काढून दिले, कुठला सेन्सर दोन वर्षांत मरतो आणि कुठला टिकतो ते सांगितलं, आणि शेवटी एका पानावर लिहून दिलं की बसवल्यानंतर हे दिवे आमच्या नेहमीच्या यादीत घेऊ. कमिटीपुढे माझ्या बारा पानांपेक्षा ते एक पान जास्त कामाला आलं.

तेव्हा जाताना असं करा. फॉर्म भरायच्या आधी जा, भरल्यावर नाही. सही मागू नका, "यात काय चुकतंय" ते विचारा. सोमवारी सकाळी जाऊ नका, शनिवार-रविवारच्या सगळ्या तक्रारी तेव्हा त्यांच्या टेबलावर असतात. आणि त्यांना कुठली गोष्ट कधीपासून करायचीये पण पैसे मिळत नाहीयेत ते विचारा, कारण प्रत्येक मेंटेनन्स ऑफिसात अशी एक यादी असतेच, गळणारे व्हॉल्व्ह, बंद पडलेले टायमर, मीटर नसलेल्या बिल्डिंगी, आणि त्या यादीतला एखादा आयटम उचललात तर सांभाळणारा माणूस तुम्हाला शोधावाच लागत नाही. कँटीनचं काम असेल तर कँटीन मॅनेजर, हॉस्टेल असेल तर वॉर्डन आणि साफसफाईचे लोक. ओल्या कचऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये कचरा वेगळा करणारे हात कुणाचे आहेत त्यांना न विचारता अर्ज टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर काम टाकून स्वतः बक्षीस घेणं, आणि कमिटीला हे वासावरून कळतं.

आकडे

इथे मी स्वतःचं हसं करून घेतलंय ते सांगते, म्हणजे तुमचं टळेल. जुनी ट्यूब चोकसकट ४५ वॉट धरली, रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३,६०० तास. शंभर ट्यूबचे झाले वर्षाला १६,२०० युनिट. एलईडी १९ वॉटची, वाचले ९,३६०. सेन्सरमुळे तास निम्मे होतील असं धरलं, वाचले ८,१००. दोन्हीची बेरीज मारली १७,४६० आणि ठळक अक्षरात पहिल्या पानावर टाकली. कमिटीतल्या एका मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे कॉरिडॉर वर्षाला १,२६० युनिट वीज तयार करणार का?" मला कळायलाच दहा सेकंद लागले.

चूक काय, तर सेन्सरने निम्मे तास वाचवले ते आता १९ वॉटच्या दिव्याचे, ४५ च्या नाही. एकाच विजेची बचत मी दोनदा मोजली. बरोबर हिशोब असा की ८० दिवे सेन्सरवर, १९ वॉट, १,८०० तास, म्हणजे २,७३६ युनिट, आणि इमर्जन्सीचे २० दिवे पूर्ण वेळ, १,३६८ युनिट. एकूण वापर ४,१०४, बचत १२,०९६. आकडा लहान झाला पण आता कुणीही खोदून विचारलं तरी टिकतो. म्हणून बचत कधीही "आधीचा वापर वजा नंतरचा वापर" अशीच काढा, तुकड्यातुकड्यांच्या बचतीची बेरीज करू नका.

युनिटचं कार्बनमध्ये रूपांतर करायला ग्रिडचा फॅक्टर लागतो, म्हणजे एक युनिट वीज बनवताना किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, तो तुमच्या देशाच्या सरकारी खात्याचाच घ्या, इंटरनेटवर पहिला दिसला तो नको. कोळशावर चालणारी ग्रिड असेल आणि फॅक्टर युनिटला ०.७ किलो असेल तर वरची बचत साडेआठ टनांच्या आसपास जाते, जलविद्युत किंवा अणुऊर्जा बरीच असेल आणि फॅक्टर ०.२ असेल तर अडीच टनांच्या आत. तोच कॉरिडॉर, तेच दिवे. कुठला फॅक्टर, कुठल्या वर्षाचा, हे एका ओळीत लिहून टाकलं की अर्धे प्रश्न मिटतात.

अन्नाच्या कचऱ्याचा प्रोजेक्ट असेल तर मिथेनचा आकडा येतो, तिथेही गडबड होते. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या सहाव्या अहवालाप्रमाणे कुजण्यातून येणारा मिथेन पृथ्वी तापवण्यात १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट, आणि २० वर्षांच्या हिशोबात ८० पटींच्या आसपास. दोन्ही बरोबर, पण युनिव्हर्सिटी आपला अहवाल १०० वर्षांवर काढत असेल आणि तुम्ही ८० ने गुणून गेलात तर तुमचा आकडा त्यांच्या कुठल्याच तक्त्यात बसणार नाही.

तक्त्यावरून आठवलं, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा कार्बन अहवाल वाचा. स्कोप १ म्हणजे कॅम्पसवर जळणारं इंधन, स्कोप २ विकत घेतलेली वीज, स्कोप ३ मध्ये येणंजाणं, विमानप्रवास, खरेदी असं बाकीचं सगळं. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचं टार्गेट पहिल्या दोनपुरतंच असतं. आशी (AASHE) नावाच्या संस्थेची युनिव्हर्सिट्यांच्या सस्टेनेबिलिटीसाठी स्टार्स (STARS) म्हणून रेटिंग आहे, २०१० पासून चालू, तिच्यात भाग घेतलेल्या युनिव्हर्सिटीचा रिपोर्ट कुणालाही ऑनलाइन बघता येतो आणि त्यात आपली युनिव्हर्सिटी कुठे कमी गुण खातेय ते दिसतं. तुमचा प्रोजेक्ट त्या कमी गुणांच्या जागी बसत असेल तर सस्टेनेबिलिटी ऑफिस स्वतःहून तुमच्यासाठी बोलेल.

फॉर्म आणि बजेट

फॉर्मबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या पाच ओळींत काय करणार, कुठे, किती पैसे, काय बदलेल आणि नंतर कोण बघणार हे आलं पाहिजे. ध्रुवीय अस्वल, पृथ्वीची हाक, आपली पिढी, हे सगळं काढून टाका, कमिटीवरच्या लोकांना क्लायमेट चेंज पटलेलाच असतो म्हणून तर ते तिथे बसलेत.

बजेट मात्र नीट करा. वस्तूची किंमत हा बजेटचा एक तुकडा असतो, त्यावर टॅक्स, वाहतूक, बसवायची मजुरी, जुनं सामान काढून त्याची विल्हेवाट, टेस्टिंग आणि निदान तीन वर्षांचे सुटे भाग. आमच्या लाल दिव्यावाल्या मशीनला एवढी एकच ओळ कमी पडली होती. वर १० टक्के अनपेक्षित खर्चाला, आणि ते उघड लिहा, दुसऱ्या आकड्यांत लपवून फुगवू नका, कोटेशन जोडलेलं असतं त्यामुळे लगेच दिसतं. स्टुडंट्सच्या कामाचे पैसे मागायला लाजू नका. फंड परवानगी देत असेल तर मागाच, नाहीतर हे प्रोजेक्ट फक्त ज्यांना पार्टटाइम नोकरी करावी लागत नाही त्यांचेच होऊन बसतात.

खरेदीचे नियम अकाउंट्समध्ये जाऊन आधी विचारा. ठराविक रकमेच्या वर तीन कोटेशन लागतात, व्हेंडर युनिव्हर्सिटीच्या यादीत नसेल तर त्याची नोंदणी व्हायला कितीतरी आठवडे जातात, आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून नंतर बिल लावू असं म्हणालात तर ते बिल पास होईलच असं नाही. एका मित्राने सेन्सर स्वस्तात मिळाले म्हणून स्वतःच्या कार्डावर घेतले, पैसे मिळाले पण तोपर्यंत त्याची डिग्री हातात आली होती.

वेळेचं गणित पण आहे. कमिटी सेमिस्टरला एकदा किंवा दोनदाच बसते, परीक्षेच्या महिन्यात कुणी काही करत नाही, आणि बसवायचं काम सुट्टीत होतं जेव्हा तुम्ही घरी असता. म्हणून डेडलाइनपासून मागे मोजत या. आणि आर्थिक वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधी सस्टेनेबिलिटी ऑफिसला एक मेल टाकून ठेवा, आमच्याकडे कोटेशनसकट तयार असलेलं छोटं काम आहे म्हणून. कुणाचे तरी पैसे उरलेले असतात आणि ते वेळेत खर्च झाले नाहीत तर परत जातात, तेव्हा तयार कागद असणाऱ्याचं नशीब उघडतं.

कमिटीसमोर

पाच मिनिटं मिळतात, त्यातलं एक प्रोजेक्टरची केबल शोधण्यात जातं. स्लाइड कमी ठेवा, एक फोटो आत्ताच्या परिस्थितीचा, एक तक्ता पैशांचा, एक नाव सांभाळणाऱ्याचं. जमलं तर त्या माणसालाच बरोबर न्या. काका आले होते माझ्याबरोबर, काही बोलले नाहीत, मागे बसून होते फक्त, पण अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघून "तुम्हाला चालेल ना?" विचारलं आणि त्यांनी मान हलवली, तिथेच निकाल लागला असं मला अजून वाटतं.

एक प्रश्न नक्की येतो ज्याची तयारी कुणी करत नाही. "हे मेंटेनन्सने स्वतःच्या बजेटमधून का करू नये?" प्रश्न योग्य आहे, स्टुडंट्सच्या फीचे पैसे युनिव्हर्सिटीने नाहीतरी करायच्याच कामाला गेले तर ती फी म्हणजे फसवणूक. उत्तर असं हवं की त्यांच्या यादीत हे काम पाच वर्षांनी आहे, फंडामुळे ते आत्ता होईल, किंवा ते नुसते दिवे बदलणार होते, सेन्सर आणि मोजमाप आमच्यामुळे येतंय. हे उत्तर नसेल तर निम्मे पैसे त्यांनी घालावेत असं आधीच ठरवून जा, दोन खिशांतून आलेला प्रोजेक्ट कमिटीला नेहमीच बरा वाटतो.

नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा ते "नाही" नसून "एवढे नाही" असतं. शंभर दिव्यांऐवजी एक मजला करून दाखवा, तीन महिने मोजा आणि पुढच्या राउंडला तोच अर्ज खऱ्या आकड्यांसकट टाका. माझा पहिल्यांदा नाकारलाच गेला होता, ते वीज तयार करणाऱ्या कॉरिडॉरचं प्रकरण पहिल्या राउंडचं, आणि खरं सांगायचं तर काकांची शिडी त्याच्यानंतरची.

पैसे आल्यावर

मंजुरीचा मेल आला की लगेच ऑर्डर देऊ नका. आधी मीटर लावा. काहीही बदलायच्या आधीचे निदान तीन-चार आठवड्यांचे रीडिंग नसतील तर नंतर तुम्ही काय वाचवलं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि हे मागे जाऊन करता येत नाही. शक्य असेल तर तसाच दुसरा एक कॉरिडॉर न बदलता ठेवून त्याचंही मोजा, म्हणजे परीक्षा, सुट्ट्या, हवामान यामुळे होणारा फरक वेगळा काढता येतो. एसी किंवा हीटिंगचं काम असेल तर मे ची तुलना मे शीच करा. आधीचे फोटो काढा. आम्ही विसरलो, आता रिपोर्टमध्ये फक्त नव्या दिव्यांचे फोटो आहेत आणि ते कुठल्याही कॉरिडॉरचे असू शकतात.

आकडा अंदाजापेक्षा कमी आला तर तसाच लिहा. आमचे सेन्सर पहिल्या महिन्यात निम्मे नाही, जेमतेम एक तृतीयांश तास वाचवत होते, कारण दिवे बंद व्हायची वेळ वीस मिनिटांवर सेट होती. ती पाच मिनिटांवर आणली. हे रिपोर्टमध्ये लिहिलं म्हणून पुढच्या ग्रुपने कोटेशनमध्येच सेटिंगचं काम घातलं.

आणि शेवटच्या सेमिस्टरला नाही, त्याच्या आधीच्या सेमिस्टरला एक फोल्डर बनवा. त्यात कोटेशन, वॉरंटीचे कागद, सुट्या भागांचे मॉडेल नंबर, कोणता स्विच कुठे आहे त्याचे फोटो, मेंटेनन्सचं ते एक पान, मीटरचे सगळे रीडिंग, आणि कुणाला फोन केला की काम होतं त्यांची पदं, नावं नकोत कारण माणसं बदलतात. छापून एक प्रत मेंटेनन्सच्या कपाटात, एक युनियनच्या ऑफिसात. मीटरच्या डॅशबोर्डचं लॉगिन ग्रुपच्या मेल आयडीवर काढा, स्वतःच्या युनिव्हर्सिटी आयडीवर नको, तो पास झाल्यावर बंद होतो. आमचं लॉगिन माझ्या आयडीवर होतं. ते परत मिळवायला ज्युनिअर पोरांना चार महिने आणि आयटीला अकरा मेल लागले.